साहेबांच्या मताचं मराठी

खासदार रघुवीर म्हापणकरांच्या बोरिवलीच्या कार्यालयात सुगंधा मेस्त्री एकोणीस वर्षं लिहिण्याचं काम करत होती. शिफारसपत्रं, निवेदनं, शोकसंदेश, शाळांच्या स्नेहसंमेलनांना पाठवायच्या शुभेच्छा, सगळं तिच्या हातचं. खाली सही साहेबांची. साहेबांचं मराठी फार गोड, असं लोक साहेबांना तोंडावर सांगायचे. साहेब हसून ऐकून घ्यायचे आणि आतल्या खोलीत बसलेली सुगंधा मनातल्या मनात सुखावायची.

ही ओढ तिला बापाकडून आली होती. लवू मेस्त्री लोअर परळच्या एका कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता. जेवणाच्या सुट्टीत तो गेटाबाहेरच्या कट्ट्यावर बसून मोठ्याने पेपर वाचायचा. अवघड शब्द आला की थांबायचा, सोपा करून सांगायचा आणि मगच पुढे जायचा. गिरणी बंद पडली, मेस्त्र्यांचं बिऱ्हाड काजूपाड्यात आलं, लवू गेला, पण सुगंधाने त्याचा तो कान घेतला होता. मराठी टायपिंग शिकून ती आधी एका छापखान्यात मुद्रितं तपासायला लागली आणि तिथून साहेबांकडे आली. लग्न केलं नाही. घरी ती आणि म्हातारी आई.

प्रत्येक अधिवेशन संपलं की साहेब एक छोटी पुस्तिका काढत. संसदेत कशावर काय मत दिलं आणि का दिलं, हे मतदारांना आपल्या भाषेत सांगायचं. कल्पना साहेबांची स्वतःची होती आणि चांगली होती. दिल्लीहून इंग्रजी कागद यायचे, साहेब फोनवर दहा मिनिटं बोलायचे, बाकीचं सुगंधा करायची. रस्ते-गटारांवर लिहायला तिला कधी फार मजा वाटली नाही. परराष्ट्र धोरण, संरक्षण असलं काही आलं की मात्र ती खुर्चीत सावरून बसायची. बापाने कट्ट्यावर जे केलं तेच आपण चाळीस हजार प्रतींमध्ये करतोय, असं तिला वाटायचं.

त्या वर्षी पुस्तिकेत तीन मतं होती. पहिलं संरक्षणाच्या वाढीव खर्चावर, दुसरं एका मित्रदेशाशी झालेल्या करारासाठी लागणाऱ्या कायद्यावर. तिसरं होतं किनारा सुरक्षा विधेयक. त्यात विरोधी बाकावरच्या एका सदस्याने दुरुस्ती सुचवली होती: समुद्रात नकळत हद्द ओलांडून परक्या तुरुंगात पडलेल्या मच्छीमारांना सोडवायला सरकारने काय केलं, याचा हिशोब दर सहा महिन्यांनी सभागृहापुढे ठेवावा. दुरुस्तीवर मतविभागणी झाली. दिल्लीहून आलेल्या यादीत म्हापणकरांच्या नावापुढे 'विरोधात' असं होतं. दुरुस्ती पडली. मूळ विधेयकाला साहेबांनी सगळ्यांबरोबर पाठिंबा दिला.

सुगंधाने फोन केला तेव्हा साहेब म्हणाले, पक्षादेश होता, त्याच्यापुढे कोणाचं चालत नाही. मग तसंच लिहू का, असं तिने विचारलं.

"खोटं लिहू नका ताई," साहेब म्हणाले. "पण आपल्याकडे मढ आहे, एवढं लक्षात ठेवा."

मतदारसंघातला मढचा कोळीवाडा तिच्या लक्षात होताच. मढची जया दर महिन्याला कार्यालयात यायची. तिचा नवरा चंदर गुजरातच्या एका बोटीवर तांडेल म्हणून, बोट चालवायला, गेला होता. शेजारच्या देशाच्या गस्ती नौकेने बोट पकडली, त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. जयाचे सगळे अर्ज सुगंधानेच लिहिले होते. चंदरच्या उजव्या कानामागे जुनी जखम भरल्याची खूण आहे, हेसुद्धा तिला पाठ होतं.

तिने सकाळभर बसून एक वाक्य लिहिलं. "समुद्रात नकळत सीमा ओलांडून परक्या तुरुंगात अडकलेल्या माझ्या मच्छीमार बांधवांच्या सुटकेचा प्रश्न या विधेयकाच्या निमित्ताने सभागृहात आला, आणि विधेयकाच्या बाजूने मत देताना त्यांच्या घरच्यांचे चेहरे माझ्या डोळ्यांसमोर होते." यातलं काहीही कोणाला खोडता आलं नसतं. प्रश्न सभागृहात आला होता. मत विधेयकाच्या बाजूने दिलं होतं. चेहऱ्यांचं कोण तपासणार? सुगंधाने ते वाक्य दोनदा मोठ्याने वाचलं, एक स्वल्पविराम हलवला, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडलं. बऱ्याच दिवसांत इतकं नेटकं काही जमलं नव्हतं.

पुस्तिका वाटून झाल्यावर आठवड्याभरात जया आली. या खेपेला अर्जाची पिशवी नव्हती, ओल्या बोंबलांचा डबा होता. मुलीने, भाविकाने, पुस्तिका वाचून दाखवली होती. साहेबांनी आमच्या माणसांसाठी मत दिलं, आता काहीतरी हलेल, असं जया सांगत राहिली. सुगंधाने डबा घेतला. आईने बोंबील तळले. सुगंधा जेवली, आणि आईने चव विचारली तेव्हा छान झालेत म्हणाली. पुढे कित्येक दिवस तिला स्वतःच्या त्या 'छान'ची शरम वाटत राहिली.

महिन्याने मढच्या मच्छीमार सोसायटीच्या सभागृहात साहेबांची सभा झाली. संसदेतल्या मतांबद्दल साहेब बोलले, देशाची सुरक्षा, किनाऱ्याची सुरक्षा, सगळं सुगंधाने लिहून दिलेलं. ती मागच्या रांगेत टिपणं घेत बसली होती. भाषण संपल्यावर जया शाल आणि नारळ घेऊन व्यासपीठावर चढली. माइक हातात घेऊन तिने पुस्तिकेतलं ते वाक्य घडाघडा म्हणून दाखवलं. तिला ते तोंडपाठ होतं.

साहेबांच्या कपाळावर एक बारीक आठी आली. त्यांनी हात करून सुगंधाला व्यासपीठाच्या कडेला बोलावलं आणि खाली वाकून हळूच विचारलं, "ते मच्छीमारांचं, त्यात आपण बाजूने होतो का?"

ते मुद्दाम विचारत नव्हते. ते खरंच विसरले होते. दिल्लीला बटण दाबलं, मुंबईला आपलीच पुस्तिका वाचली, आणि पुस्तिकेवर त्यांचाही विश्वास बसला.

"नाही," सुगंधा म्हणाली.

साहेबांनी मान हलवली, सरळ उभे राहिले आणि शाल घेण्यासाठी मान खाली केली. टाळ्या झाल्या. सुगंधाच्या हातात पेन होतं म्हणून तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. पेन नसतं तर वाजवल्या असत्या, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

रविवारी ती मालाडहून बस धरून एकटीच मढला गेली. जया घरामागच्या वाळवणावर जवळा पसरत होती. ताई आपण होऊन घरी आली म्हटल्यावर चंदरची काही बातमी आली असं तिला वाटलं, आणि ती हात तसाच हवेत धरून उभी राहिली. सुगंधाने आधी घाईघाईने तसं काही नाही म्हणून सांगितलं. मग बाकीचं सांगितलं. दुरुस्ती काय होती, साहेबांनी मत कोणत्या बाजूला दिलं, पुस्तिकेत काय लिहिलं. सांगताना तिच्या लक्षात आलं, की इथे नेटकं वाक्य एकही होत नाही.

जयाने सगळं ऐकून घेतलं.

"कोनी लिवलं ते?"

"मी."

"साहेबानं सांगितलं म्हनून?"

सुगंधाला हो म्हणता आलं असतं. "त्यांनी फक्त खोटं लिहू नका सांगितलं," ती म्हणाली. "तसं कसं लिहायचं ते माझं मी शोधलं."

जया पुन्हा खाली बसली आणि जवळा हाताने सारखा करू लागली. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं सुगंधाला वाटत होतं.

"तो कागद मी चंदरला धाडला," जया शेवटी म्हणाली. "फाडून पत्रात घातला. कैद्यांसाठी झटनाऱ्या संस्थेची मानसं पत्रं घेऊन जातात, त्यांच्याबरोबर. आता काय करू, सांग."

मग जयानेच आत जाऊन भाविकाची वही आणली, मधलं पान फाडलं आणि तिच्यापुढे ठेवलं. "आता दुसरं लिव. तूच लिव. आनि सोपं लिव. तिकडं समजवायला कोन नाय."

सोपं लिही, हे तिला कोणी सांगेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. ओट्यावर बसून तिने चार ओळी लिहिल्या. चंदर, मी खासदारांकडे लिहिणारी सुगंधा. आधीच्या कागदात लिहिलं ते फसवं आहे. साहेबांनी तुमच्या बाजूने मत दिलेलं नाही, विरोधात दिलं आहे. जया अर्ज करत आहे आणि करत राहील. चार ओळींना तिला तास लागला. जयाने त्या तिच्याकडून मोठ्याने वाचून घेतल्या, कागदाची घडी घातली, आणि चहा न विचारता तिला बसथांब्याकडे जायची वाट दाखवली.

दुसऱ्या दिवशी सुगंधा साहेबांसमोर उभी राहिली. पुढच्या पुस्तिकेत एक ओळ छापू या, खरं मत काय होतं त्याची, असं तिने सांगितलं. साहेब रागावले नाहीत. त्यांनी तिला बसायला सांगितलं, पाणी मागवलं. असल्या पुस्तिका कोण एवढ्या बारकाईने वाचतं, असं त्यांचं म्हणणं होतं. जयाने पाठ केली होती, हे सुगंधाने त्यांना ऐकवलं. त्यावर ते खिडकीकडे पाहत म्हणाले, की एका ओळीने माझं तिकीट जाईल आणि चंदर तर काही सुटणार नाही. त्यात थोडं खरं होतं, आणि तेच तिला अडवून बसलं. ओळ छापली गेली नाही. एवढं होऊनही तिने नोकरी सोडली नाही. आणखी पाच महिने ती त्याच खोलीत बसून शोकसंदेश लिहीत राहिली. पुढचं अधिवेशन आलं आणि दिल्लीचे कागद टेबलावर पडले, तेव्हा कुठे तिला जमलं. मी आता मतांचं लिहिणार नाही, असं तिने सांगितलं. लिहिणार नसाल तर इथे काय काम, असं साहेबांच्या स्वीय सहायकाने विचारलं. तीही तेच विचारत होती. महिनाअखेर ती घरी बसली. आता ती घरातच शेजारपाजारच्यांचे अर्ज लिहून देते.

चंदर सुटला पुढच्या वर्षी. दोन देशांचं काही जमलं आणि कैद्यांची एक तुकडी सोडली गेली. कोणाच्या मताने नाही. घरी आल्यावर पंधरा दिवसांनी जया त्याला घेऊन काजूपाड्यात आली. सडपातळ, केस पांढरे झालेला माणूस. मध्ये वर्ष गेलं होतं, पण जया या घरी पहिल्यांदाच आली होती, आणि दारात उभी राहूनच ती म्हणाली, की याला तुझ्याशी बोलायचंय.

दुसरं पत्र पोचलं का, हे सुगंधाने आधी विचारलं. चंदर म्हणाला, दोन्ही पोचली. दोन्ही एकाच दिवशी, एकाच गठ्ठ्यात. तिथे पत्रं साठवून, वाचून मग देतात.

"म्हणजे तुम्हाला लगेच कळलं," सुगंधा म्हणाली. तिच्या अंगावरचं ओझं क्षणभर हललं.

"मना कळलं," चंदर म्हणाला. जयाने त्याच्याकडे पाहिलं, तसा तो पुढे बोलू लागला. कोठडीत पालघरकडचा एक म्हातारा खलाशी होता, माणिक. वाचता येत नव्हतं, त्यात आजारी. कागद आला म्हटल्यावर तो वाचून दाखव म्हणून मागे लागला. "मी पहिलाच कागद वाचला. साहेबाच्या डोळ्यांसमोर चेहरे होते, तो. दुसरा पायजम्याच्या नेफ्यात ठेवला. म्हातारा रोज वाचायला लावायचा. रोज विचारायचा, आता किती दिवस. मी बोलायचो, थोडेच." चंदरने खाली पाहिलं. "तो तिकडंच गेला. मी सुटायच्या आधी दोन महिने."

आतून सुगंधाच्या आईने पाहुण्यांना चहा टाकू काय गो, म्हणून विचारलं.

"मना ठाव होतं खोटं हाय ते," चंदर म्हणाला. "तरी वाचत होतो."

सुगंधाला त्याला सांगावंसं वाटलं, की त्यात तुझा काही दोष नाही, तू त्याच्या भल्यासाठी केलंस. पण असलीच समजूत तिने स्वतःची घातली होती, सकाळभर बसून, त्या एका वाक्यासाठी. चंदर मान खाली घालून बसला होता आणि तीही. एकमेकांची ओळख नसलेली दोन माणसं एकाच गोष्टीला लाजत होती.

माणिकची बायको सुंदराबाई गावी होती. नवरा शेवटी काय बोलत होता, हे विचारायला तिने चंदरला दोनदा निरोप धाडला होता, आणि चंदर जायचं टाळत होता. तिला काय सांगू, हे विचारायलाच तो आला होता.

"जे झालं ते सांगायचं," जया म्हणाली. "दुसरं काय."

चंदर सुगंधाकडे पाहत राहिला. सुगंधाने गाडी कुठून मिळते ते विचारलं, आणि मंगळवारी तिघांनी जायचं ठरवलं.