दोन नारळांचा न्याय

आमच्या शाळेत बालसुरक्षा समिती आहे. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर निळ्या फळ्यावर सदस्यांची नावं रंगवलेली आहेत आणि तपासणी जवळ आली की शिपाई तो फळा ओल्या फडक्याने पुसतो. समितीचं एवढंच काम आजवर माझ्या नजरेस पडलं होतं. अध्यक्ष गावातले आंबा बागायतदार. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी मुलींच्या रक्षणाबद्दल गुलाबाच्या फुलांसकट संदेश टाकतात आणि बैठकीला आले की चहाबरोबर काय आहे ते आधी विचारतात.

मी तिथे गणित शिकवते. रत्नागिरीहून पावसच्या रस्त्याने एसटीने जाऊन येऊन. इतकी वर्षं झाली तरी गावाच्या लेखी मी बाहेरचीच, आणि यंदा जे घडलं त्या दिवसांत मला त्याचा अभिमान वाटू लागला.

स्नेहसंमेलनाला आमच्याकडे मुलींची जाखडी असते. पायात घुंगरू बांधून, गोल फेर धरून नाचायचं. ती बसवायला गावातले एक बुवा येतात. देवळातले मानकरी, शिमग्याच्या पालखीला पहिला खांदा त्यांचा. केस पिकले तरी आवाज खणखणीत. त्यांच्याविषयी बोलताना लोकांचा सूर आपोआप खाली येतो.

यंदा सरावाची घंटा झाली की आठवीतली एक मुलगी स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहू लागली. कधी वही तपासून मागायची, कधी पोटात दुखतंय म्हणायची. एकदा मी तिला समोर बसवून सरळ विचारलं.

"बाई, मना नको त्यो नाच," ती म्हणाली. मग टेबलाच्या कडेकडे बघत तिने सगळं सांगितलं. पाय कसा टाकायचा ते दाखवताना बुवांचे हात भलतीकडे जातात. बाकीच्यांना सोडून तिला एकटीला थांबवून घेतात. आईला सांगितलंस तर गावात राहणं कठीण करीन, असंही म्हणाले होते. सांगून झाल्यावर तिने विचारलं, "उद्या सराव हाय. मी काय करू?"

कायदा मला पाठ आहे. मी मुख्याध्यापकांना सांगितलं आणि त्यांच्यासमोरच पोलीस ठाण्यात फोन लावला. सर इतके पांढरे पडले की बुवांच्या जागी तेच पकडले गेलेत असं वाटावं. "अहो बाई, आधी समितीपुढे तरी ठेवायचं!" म्हणाले. दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यांत एक पोलीसबाई मुलीच्या घरी येऊन गेल्या. वडील मुंबईला कामाला, घरी आई आणि मुलगी दोघीच. आईने दारातच सांगितलं, काही झालेलं नाही, पोर नाचायचा कंटाळा करते. मुलगी आईच्या पाठीमागे उभी होती, तीही बोलली नाही. पोलीसबाई मला म्हणाल्या, माझा फोन त्यांनी नोंदवून घेतलाय, पण पोर तोंड उघडत नाही तोवर माणसाला हात लावणं अवघड आहे. तिला बोलायचं असेल त्या दिवशी घेऊन या.

मग समिती जागी झाली. ती मुलीसाठी जागी झाली नव्हती, पोलीस गावात आले होते म्हणून झाली होती. बैठकीत बुवांचा मान, देवळाचा मान, शाळेचा मान, असे सगळे मान मोजून झाले. मुलीचा विषय चहाच्या दुसऱ्या फेरीला निघाला. अध्यक्ष म्हणाले, "पोरांच्या मोबायलात काय काय असतंय, डोक्यात भरतंय तेच." आणि मग घसा खाकरून त्यांनी निकाल दिला: बुवा आणि मुलगी, दोघांनी सोमवारी देवळात एकेक नारळ ठेवायचा, गाऱ्हाणं घालायचं आणि विषय संपला.

बांधावरून भांडण झालं, कुणाच्या कलमाची फांदी कुणाच्या आवारात गेली की गावात असंच करतात. दोन्ही बाजूंनी नारळ, गुरव देवापुढे गाऱ्हाणं घालतो, लोक होकार भरतात, मग दोघं एका पंगतीला बसतात. बांधासाठी ती रीत उत्तम आहे. ह्या शहाण्यांनी आठवीतल्या पोरीला बांध समजून तिची वाटणी करायला घेतली. मी तसं तोंडावर म्हटलं. "तुम्हाला गावाच्या रीती कळायच्या नाहीत," अध्यक्ष हसून म्हणाले. त्या हसण्याची मला आजही किळस येते.

रविवारी मुलीची आई रत्नागिरीला माझ्या दारात आली. पिशवीत नारळ होता. बसली नाही. "बाई, तुमी उद्या एसटीत बसून जाशाल. आमाला वाळीत टाकलानी तर पानी कुनाच्या विहिरीवरून आनायचा?" मी म्हटलं, तुमच्या पोरीला उद्या परत त्याच माणसाच्या हाताखाली उभं करतील. तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि गेली.

सोमवारी मी रजा टाकून देवळात गेले. बुवा पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात, कपाळाला अंगारा. त्यांनी आपला नारळ ठेवला आणि हात जोडले. इतका निर्मळ चेहरा करायला किती सराव लागत असेल! मुलगी शाळेच्या गणवेशात, नारळ छातीशी धरून. मुख्याध्यापक खांबाआड, कुठूनही फोटोत येणार नाहीत अशा बेताने.

गुरवाने सुरू केलं. "बा देवा म्हाराजा! तुझ्या ह्या दोन लेकरांत काय वाकडा आला असंल, काय कमीजास्त बोलना झाला असंल, ता पोटात घाल आनि दोघांना एका जागी आन, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे एका सुरात म्हणाले. समिती सगळ्यांत मोठ्याने.

दोघांना एका जागी आण! त्या पोरीला ज्याच्यापासून दूर ठेवायचं, त्याच्याजवळ नेऊन ठेवावं म्हणून भरल्या देवळात देवाला विनवणी चालली होती, आणि एकाही पुरुषाच्या घशात तो होकार अडकला नाही.

"ठेव बाय नारळ," गुरव म्हणाला.

मुलगी हलली नाही. "माजा काय चुकला ता आदी सांगा," ती म्हणाली. "मंग ठेवतंय."

गुरवाने अध्यक्षांकडे पाहिलं, अध्यक्षांनी बुवांकडे. बुवांनी डोळे मिटून घेतले, भक्तीने. "पोरीला जरा वळण लावा," अध्यक्ष आईवर खेकसले.

आई बायकांमधून पुढे आली. मला वाटलं, आता ही पोरीच्या हातातला नारळ घेऊन स्वतःच ठेवणार. तिने नारळ घेतला, पण पिशवीत टाकला, पोरीचं मनगट धरलं आणि माझ्यासमोर येऊन म्हणाली, "बाई, खय जायाचा ता सांगा."

मागून अध्यक्ष ओरडत होते. गावाचं नाव, शाळेचं नाव, अनुदान. आम्ही रिक्षा करून रत्नागिरीला आलो.

ठाण्यात त्याच पोलीसबाई होत्या. त्यांनी आम्हाला आतल्या खोलीत नेलं, मुलीला पाणी दिलं आणि घाई न करता ऐकून घेतलं. मुलगी अडखळत बोलली, पण सगळं बोलली. आई पदराचं टोक पिळत ऐकत होती. लिहिलेलं वाचून दाखवून झाल्यावर पोलीसबाई म्हणाल्या, "आई म्हणून इथे सही करा."

आईने सही केली, पण पेन परत दिलं नाही.

"आता माजा पन लिवा," ती म्हणाली. "मी शाळेत व्हते तवा पन नाच त्योच बसवायचा."

पोलीसबाईंनी मुलीला माझ्याबरोबर बाहेर बाकावर बसायला सांगितलं आणि नवा कागद घेतला.