गुण चिरंजीवांचे, दोष माहेरचे

व्याह्यांचं खरं नाव त्यांच्या दारावरच्या पाटीवर आहे, पण पाटी वाचायला वेळ कुणाला? सगळे त्यांना व्याहीच म्हणतात, आणि याला जबाबदार तेच. त्यांच्याकडे पैदाशीचा एक वॉर्मब्लड घोडा आहे. शर्यतीच्या घोड्यासारखा तापट नाही, ओझ्याच्या घोड्यासारखा थंडही नाही. अडथळ्यांवरून उड्या मारायला आणि तालात चालायला जोपासलेली ही जात. रंग घासलेल्या तांब्यासारखा. या घोड्याला ते 'आमचे चिरंजीव' म्हणतात. मग त्याच्याकडे येणाऱ्या घोड्या ओघानेच सुना झाल्या, सुनांचे मालक व्याही झाले, आणि साऱ्या जगाला व्याही म्हणता म्हणता जगाने ती पदवी यांनाच परत केली.

माणूस एरवी लाखमोलाचा. अडीनडीला धावणारा, दुसऱ्याच्या आजारी घोडीपाशी रात्र काढणारा. पण शिंगरू जन्मल्याची बातमी आली की त्यांच्यातला मुलाचा बाप जागा व्हायचा. तबेल्यात जायचे, चष्मा पुसायचे आणि बाळाला खालून वर न्याहाळायचे. मान ताठ असली की म्हणायचे, "आमच्या वळणावर गेलंय." पाठ जरा लांब वाटली की सुस्कारा सोडायचे, "हे मात्र माहेरचं." बिचारी घोडी समोरच गवत चघळत उभी असायची. तिच्या चार पिढ्यांचा उद्धार तिच्यासमोर व्हायचा.

त्यांच्या पत्नीला याचं काहीच नवल नव्हतं. त्यांची मुलगी शाळेत पहिली यायची, ती वडिलांवर गेली होती. मुलगा ऊन डोक्यावर येईपर्यंत लोळायचा, तो मामावर गेला होता.

पण पैदाशीच्या घोड्याला मालकाच्या तोंडच्या कौतुकावर जगता येत नाही. पहिली शिंगरं हुंदडायला लागली की परीक्षक येतात. शिंगरांना आयांसकट मैदानात दुडकत सोडतात, आणि मुलांकडे बघून बापाची लायकी ठरवतात. पास झाला तर पैदास चालू. नापास झाला तर घोडा खच्ची करून सवारीला द्यायचा. चिरंजीवांना यातलं काही माहीत नव्हतं, ते मजेत होते. व्याही मात्र आठवडाभर रात्री उठून तबेल्यात फेऱ्या मारत होते.

परीक्षेच्या सकाळी पत्नी म्हणाली, "अहो, सगळे मालक आपल्यासाठी लांबून शिंगरं घेऊन येतायत. आज लगाम घोड्याला नको, तुमच्या तोंडाला हवा."

"मी कुठे काय बोलतो?"

"बस. एवढंच बोला आणि गप्प व्हा."

सात घोड्या आल्या, सात शिंगरं आली. मैदान छान कापलेलं होतं. फक्त कुंपणाशी एका कोपऱ्यात गवत गुडघाभर वाढलं होतं. बेकरीवाल्याने आल्या आल्या आपलं शिंगरू नेमकं तिथे नेऊन उभं केलं. मागून दातांची डॉक्टरीण आली. एवढं मोकळं मैदान सोडून तिलाही तोच कोपरा आवडला. मग तिसरा आला, चौथा आला. बघता बघता साती शिंगरं त्या हातभर गवतात अंगाला अंग घासत उभी, आणि साती मालक आभाळाकडे बघत.

"बाई, जरा सरकता का?" बेकरीवाला म्हणाला. "मोकळं मैदान पडलंय की."

"तुम्हीच सरका. माझ्या शिंगराला गवत आवडतं."

"आणि त्याचा पाय? गवतातून दिसतंय मला. उजवं पाऊल बाहेर वळतंय."

डॉक्टरीण ओशाळली. "माझ्या घोडीकडून आलंय ते. व्याह्यांनी सांगितलं."

"तुमच्या घोडीकडून? मला तर म्हणाले माझ्या घोडीकडून."

गवत भराभरा बाजूला सारलं गेलं. सात उजवी पावलं, सातही बाहेर वळलेली. सात डोकी खाली वाकली, मग एकदमच वर आली आणि व्याह्यांकडे वळली. व्याह्यांना त्याच क्षणी कुंपणाच्या एका खिळ्यात फार गोडी वाटू लागली.

तेवढ्यात परीक्षकबाई आल्या. काठीसारख्या सडसडीत, हसण्याचं खातं बंद. त्यांनी एकेक शिंगरू पळवून पाहिलं, पुढून पाहिलं, मागून पाहिलं. शेवटी म्हणाल्या, "सातही शिंगरांच्या मागच्या पायांत जबरदस्त रेटा आहे. हा कुणाचा?"

"चिरंजीवांचा!" प्रश्न पुरा व्हायच्या आत व्याही बोलून गेले.

"आणि सातही शिंगरांचं पुढचं उजवं पाऊल बाहेर वळतं. ते कुणाचं?"

पत्नीने डोळे मोठे केले. पण जित्याची खोड.

"ते... माहेरचं."

"सात माहेरांचं?"

"योगायोग असतात, बाई."

"असतील. मग रेटाही योगायोगच. तोही सात आयांनीच दिला. म्हणजे तुमच्या घोड्याने पोरांना काहीच दिलं नाही. मग तो पैदाशीला कशाला ठेवायचा?" व्याह्यांचा चेहरा उतरला. बाई शांतपणे पुढे म्हणाल्या, "दोन्ही तुमचं धरू की दोन्ही त्यांचं? मला निवडून-टिपून घेता येत नाही."

व्याह्यांनी चिरंजीवांकडे पाहिलं. ते पलीकडे उजवं पाऊल बाहेर काढून दिमाखात उभे होते. त्यांच्या पावलाला व्याही आजवर 'ऐट' म्हणत आले होते.

"दोन्ही आमचंच," ते पुटपुटले.

"जरा मोठ्याने, व्याही," बेकरीवाला म्हणाला. "इकडे मागे ऐकू नाही आलं."

"दोन्ही आमचंच! रेटाही आमचा, पाऊलही आमचंच!"

घोड्यांनी कान टवकारले. परीक्षकबाईंनी मान डोलावली. "पाऊल फार वळलेलं नाही, चालीत आडवं येत नाही. यापुढे सरळ पायांच्या घोड्याच घ्या. घोडा पास."

व्याही चिरंजीवांच्या आयाळीत तोंड खुपसून बराच वेळ उभे होते. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते. आयाळीचा केस गेला म्हणाले.

संध्याकाळी चहाचा कप पुढे ठेवत पत्नी म्हणाली, "परीक्षकबाई मला फार आवडल्या. बरं, आपल्या मुलीची हुशारी कुणाची?"

"आमची," व्याही सवयीने म्हणाले.

आतल्या खोलीतून मुलाच्या घोरण्याचा आवाज येत होता. दिवेलागणही झाली नव्हती.

"आणि ही झोप?"

व्याह्यांच्या ओठांवर 'मामा' आलाच होता, तोच पत्नीने बोट वर केलं.

"दोन्ही तुमचं धरू की दोन्ही माझ्या माहेरचं?"

व्याह्यांनी पुष्कळ विचार केला. मुलीची हुशारी मेव्हण्याला देऊन टाकायची? चहा निवला, साय धरली. अखेर ते म्हणाले, "झोप आमच्याकडचीच. आमचे वडील जेवतानाही डुलकी काढायचे."

"थांबा, एक मिनिट," पत्नी म्हणाली. तिने फोन लावला. "दादा, ऐक हं. वहिनीलाही बोलाव." मग तिने फोन नवऱ्याच्या तोंडाशी धरला.

"हं, बोला आता. जरा मोठ्याने."