बेचा पाढा आणि घोषालबाबूंची टाकी

बेचा पाढा संथ म्हटला तर राहतं घर सोडावं लागू शकतं, हे मला कलकत्त्यात कळलं.

गेल्या महिन्यात बाबा गेले. भेटायला येणारी माणसं हळू आवाजात त्यांच्या सचोटीबद्दल बोलतात, आणि मी मान डोलावते. पण मनात मात्र सारखी ती टाकी भरत असते. म्हणून आता सावकाश लिहूनच काढते.

सत्तर सालानंतरची गोष्ट. बाबा केंद्र सरकारच्या एका खात्यात होते. दूरच्या नद्यांची पातळी बिनतारी यंत्राने आपोआप कलकत्त्याच्या कचेरीत यायची. त्याला टेलिमेट्री म्हणतात, आणि हा शब्द बाबा इतरांनी देवाचं नाव घ्यावं तसा घेत. आम्ही दमदमला घोषालबाबूंच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. भाडेकरूंची टाकी गच्चीवर, पंपाचं बटण आमच्या स्वयंपाकघराबाहेर, आणि गच्चीला घरमालकीण घोषालगिन्नींचं कुलूप! (त्यांच्या डाळीच्या बड्या, म्हणजे आपले सांडगे, तिथे वाळत. आम्हा परप्रांतीयांची सावलीही त्यांवर पडू नये, असा दंडक होता.) त्यामुळे टाकी भरली की नाही हे वरून पाणी कोसळल्यावरच समजायचं. एकदा बड्यांचा चिखल झाला. दुसऱ्यांदा खुद्द घोषालबाबूंच्या इस्त्रीच्या धोतरावर अभिषेक झाला.

"जोशीबाबू," ते ओले उभे राहून म्हणाले, "आर एकबार जॉल पोडले, घर छाडते हॉबे!"

पुन्हा पाणी पडलं तर घर सोडायचं. दमदममध्ये परवडणारं दुसरं घर मिळणं तेव्हा अशक्य होतं आणि माझी शाळा समोरच होती. आईने रात्रीच भांडी मोजायला घेतली.

बाबा मात्र आनंदले. नदी नाही, निदान टाकी तरी!

एका रविवारी खास परवानगी काढून त्यांनी टाकीत तरंगता गोळा सोडला आणि शेजारी एक बिनतारी पेटी बसवली. (परवान्याचं काय, हे तेव्हा कोणी विचारलं नाही. आता विचारायचं तर उत्तर द्यायला ते नाहीत.) पेटी थोड्या थोड्या वेळाने दोनदा शीळ घालायची, आणि ती आमच्या घरच्या रेडिओवर ऐकू यायची. पहिली शीळ म्हणजे 'सावधान'. दुसरी किती वेळाने येते, त्यावर पाण्याची पातळी.

"आणि तो वेळ मोजायचा कसा?" आईने विचारलं.

"पाढ्याने! पहिली शीळ झाली की बेचा पाढा सुरू करायचा. 'बे एके बे'ला दुसरी शीळ आली तर टाकी पाव. 'बे दुणे चार'ला अर्धी, 'बे त्रिक सहा'ला पाऊण, आणि 'बे चोक आठ'ला भरली. पंप बंद!"

"अहो, त्यापेक्षा भरली की वाजणारी एक घंटा बसवा ना."

"घंटेने भरली एवढंच कळतं. कितपत भरली, ते कुठे कळतं?"

"मला कितपत नकोच आहे!"

बाबांनी तिच्याकडे दयेने पाहिलं. पेटीचा वेग त्यांनी स्वतःच्या पाढ्यावरून लावला होता. साताऱ्याकडच्या शाळेत गुरुजींच्या छडीच्या ठेक्यावर घोटलेला पाढा! ते घरी असेपर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग ते कचेरीत गेले.

आईचा पाढा म्हणजे पळत्या गाडीत चढणं. एकीकडे फोडणी, एकीकडे "बेएकेबेबेदुणेचार". टाकी अर्धी झाली की तिचा पाढा 'बे चोक आठ'वर पोचलेला असायचा. ती खुशाल पंप बंद करायची. आठवडाभर घरात कोणाची आंघोळ पुरी झाली नाही. बाबा एकदा साबण लावलेल्या अवस्थेत न्हाणीघरातून ओरडले, "अगं, पाठवणारा आणि घेणारा यांचा वेग एक हवा! नाहीतर निरोप पोचतो, पण भलताच!"

"मग पाठवणाऱ्याला सांगा ना भरभर बोलायला," आई म्हणाली.

शेवटी ते काम माझ्याकडे आलं. मी घरातली अभ्यासू मुलगी! पण शाळा इंग्रजी, मैत्रिणी बंगाली. मराठी पाढा मी अनोळखी जिना अंधारात उतरावा तसा म्हणायचे. "बे... एके... बे." मग थोडा विचार. "बे... दुणे..." त्यातून मांडीवर पुस्तक उघडं.

त्या दिवशी खाली घोषालबाबूंच्या मुलीला मागणी घालायला वरपक्षाकडचे मामा आले होते. अंगणात खुर्ची, हातात संदेश मिठाईची बशी. वर मी रेडिओपाशी, आई पंपाच्या बटणापाशी.

"किती झाली गं, सुमे?"

"अर्धी!"

थोड्या वेळाने पुन्हा, "आता?"

"अर्धीच!"

"अजून अर्धी? टाकी आहे की हुगळी?"

पेटी बिचारी कंठशोष करून 'भरली, भरली' म्हणत होती. पण तिच्या 'बे चोक आठ'ला मी जेमतेम 'बे दुणे'वर पोचलेली! माझ्या पाढ्यात ती टाकी अर्ध्याच्या वर कधी गेलीच नसती.

"आई, बाहेर पाऊस लागलाय वाटतं."

"पाऊस कसला? लख्ख ऊन पडलंय!"

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. त्याच क्षणी अंगणातून मामांची आरोळी आली.

आईने पंप बंद केला आणि सरळ ट्रंक ओढली. जिन्यावर घोषालबाबूंची पावलं वाजली, त्यांच्यामागे चपचप करणारी दुसरी. बाबाही नेमके तेव्हाच कचेरीतून आले. "जोशीबाबू! आजच, आत्ताच..." घोषालबाबूंनी दाराकडे बोट दाखवलं. बाबा माफी मागायचं सोडून पेटीचं काम समजावून सांगू लागले!

ओले मामा पुढे सरकले. "बिनतारी? टाकी स्वतः बोलते? दाखवा, दाखवा!"

बंगाली माणसाचा राग मोठा असतो, पण कुतूहल त्याला सहज मागे टाकतं. मामा रेडिओपाशी बसले. पहिली शीळ आली. नाकावरून पाणी गळत असताना त्यांनी खड्या आवाजात सुरू केलं, "दुई एक्के दुई, दुई दुगुणे चार, तिन दुगुणे छॉय, चार दुगुणे आट..." आणि बरोब्बर शेवटच्या शब्दावर दुसरी शीळ!

"भरली! टाकी पूर्ण भरली आहे!" मामांनी विजयी मुद्रेने जाहीर केलं. (ही बातमी तोवर साऱ्या गल्लीला होती.)

होणाऱ्या जावयाच्या मामांना एवढा आनंद झालेला पाहून घोषालबाबूंना आम्हाला घराबाहेर काढणं अवघड झालं. मामांनी वर आणखी बजावलं, "असा भाडेकरू सोडू नका हो!" लग्न जमलं आणि आम्ही तिथेच राहिलो. बाबांनी पेटी मामांना आहेर म्हणून दिली आणि टाकीला मुकाट्याने घंटा बसवली.

फक्त पुढच्या भाडेकरारात घोषालबाबूंनी वकिलाकडून एक कलम घालून घेतलं: 'भाडेकरूची कन्या कुमारी सुमन हिने पंपाच्या बटणाला हात लावू नये.' बाबांनी शांतपणे सही केली आणि करार मला वाचायला दिला. आमच्या सात पिढ्यांत स्टँप पेपरावर नाव झळकलेली मी पहिलीच मुलगी!