चौकट बसेपर्यंत

माझ्या वडिलांची लाकडाची वखार होती, पनवेलच्या जुन्या हायवेच्या कडेला. वखारीच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं राहायचो. सकाळी करवत सुरू झाली की संध्याकाळपर्यंत घरात ओरडूनच बोलायचं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी नवरा मला म्हणतो, जरा हळू बोल, इथे लाकूड कापत नाहीयेत.

सागाचा भुसा दिसायला छान असतो, पिवळसर सोनेरी. चवीला कडू. हे मला माहीत आहे कारण आम्ही तो रोज खायचो. भातावर भुसा, ताकात भुसा, वाळत घातलेल्या साडीच्या घडीत भुसा. आई दिवसातून कितीदा तरी ओटा पुसायची आणि पुसता पुसता खोकायची. आधी आम्ही त्याला सर्दी म्हणायचो. मग ॲलर्जी म्हणायला लागलो. दमा हा शब्द घरात यायला बरीच वर्षं लागली.

बाबांनी कर्नाळ्याच्या बाजूला छोटा प्लॉट घेतला तेव्हा मी कॉलेजात होते. नवं शतक नुकतंच लागलं होतं आणि पनवेलमध्ये जिकडे बघावं तिकडे बिल्डिंगी उगवत होत्या. आईला तिथली हवा मानवेल म्हणून प्लॉट घेतला होता, हे बाबा सगळ्यांना सांगायचे. जोतंही लगेच बांधून झालं. रविवारी आम्ही थर्मासमध्ये चहा घेऊन तिथे जायचो. आईला कुठली खोली कुठे हे तोंडपाठ होतं. भिंती नव्हत्या, पण ती जोत्यावर भलतीकडून कधी चढायची नाही. जिथे पुढचं दार येणार होतं तिथूनच आत यायची, आणि मी कुठूनही उडी मारून आले की म्हणायची, भिंतीतून काय येतेस?

पुढे मात्र काम हलेना. वीटकाम करताना चौकटी आधी उभ्या कराव्या लागतात, मग त्यांना धरून भिंत चढते. आणि चौकटी बाबांच्या मनासारख्या तयार नव्हत्या. नुकतंच कापलेलं लाकूड ओलं असतं. वाळताना ते आकसतं, वाकतं, पीळ खातं. तशीच चौकट बसवली की पावसाळ्यात दार लागत नाही आणि उन्हाळ्यात फटीतून पाल ये-जा करते. म्हणून बाबांनी चांगले ओंडके निवडून, सालीजवळचं पांढरं लाकूड काढून टाकून, फक्त गाभ्याचं लाकूड आमच्या घरासाठी चिरून घेतलं होतं. शेडच्या सावलीत त्याची थप्पी लावली. प्रत्येक थरामध्ये आडव्या पट्ट्या, म्हणजे हवा खेळती राहते. लाकूड टोकांकडून लवकर सुकतं आणि तिथूनच तडकतं, म्हणून टोकांना रंग द्यायचा. तो आईनं दिला, तोंडाला पदर बांधून. एक पावसाळा आणि एक उन्हाळा त्याला बघू दे, मग हात लावायचा, असं बाबांचं म्हणणं होतं. उरणकडे तेव्हा भट्टीत लाकूड वाळवून मिळायचं. बाबा म्हणायचे, ते कार्बाइड लावून पिकवलेल्या आंब्यासारखं, वरून पिवळं आणि आत आंबट.

लोखंडी चौकटी घ्या, असं गवंडी पहिल्याच वर्षी म्हणाला होता. बाबा त्याच्यावर जवळजवळ धावूनच गेले. वखारवाल्याच्या घराला लोखंडाची चौकट, लोक तोंडात शेण घालतील. मीही हसले होते. आई हसली नव्हती, पण काही बोललीही नव्हती.

थप्पी वाळली. सुतार ठरला. आणि त्याच आठवड्यात कुवेतहून सुट्टीवर आलेले एक गृहस्थ वखारीत आले. पनवेलचेच, बाबांच्या जुन्या ओळखीतले. घर अर्ध्यावर होतं, परत जायची तारीख पक्की होती आणि बाजारात कोरडं म्हणून घेतलेलं लाकूड दोन उन्हांत वाकडं झालं होतं. ते थप्पीपाशी उभे राहून नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "भाईसाब, अम्मीला घरात बसवून जायचं होतं. आता पुढच्या सुट्टीपर्यंत अम्मीचा काय भरवसा?" बाबांनी सुताराला फोन करून सांगितलं की आपलं जरा थांबव. आमच्या थप्पीच्या जागी त्यांनी दुसऱ्या दिवशी ओलं लाकूड रचलं. तसंच निवडून, तसंच पट्ट्या घालून.

ही एकदाच घडलेली गोष्ट असती तर मी ती लिहिलीही नसती. पण आमच्याकडे खरोखर वाळलेलं सागवान असतं ही बातमी पसरली. जो तो घाईत असायचा आणि ज्याच्या त्याच्या घाईला चांगलं कारण असायचं. बाबांना नाही म्हणता यायचं नाही. मी चिडून म्हणायचे की तुम्ही गावाच्या दारांचा धर्मादाय दवाखानाच उघडा. ते म्हणायचे, अगं, आपल्याला कुठे घाई आहे, आपण डोक्यावर छप्पर असलेली माणसं. ओलं लाकूड पुन्हा रचलं जायचं, आई पदर बांधून पुन्हा टोकं रंगवायची, आणि जोत्यावर गवत वाढायचं.

सगळा दोष बाबांच्या माथी मारता आला असता तर मला बरं वाटलं असतं. पण एकदा तर आईनंच थप्पी देऊन टाकली. उरणजवळच्या मोऱ्याहून एक कोळीण आली होती, वखारीत आमच्या मागच्या दारी बसली आणि पाणी मागितलं. मुलाचं लग्न तोंडावर, घराच्या भिंती खिडकीपर्यंत येऊन थांबलेल्या, आणि समुद्राच्या हवेत ओल्या चौकटीचं काय होतं ते तिला आमच्यापेक्षा चांगलं माहीत. "सून येनार हाय बाय, न दाराचा पत्ता नाय," ती आईला म्हणाली. "तिला काय भिंतीवरशी घेऊ?" आई इतकी हसली की तिला खोकल्याची उबळ आली. खोकला थांबल्यावर तिनं बाबांना हाक मारली आणि सांगितलं, देऊन टाका. बाबांनी विचारलं, नक्की ना? त्या वर्षी तिला कुठलाही जिना चढताना मध्ये बसावं लागत होतं, हे त्यांना दिसत होतं. ती म्हणाली, आपलं काय, पुढच्या वर्षी.

लग्नाला आम्ही गेलो. दार सुरेख झालं होतं. आईनं चौकटीवरून हात फिरवला आणि नवऱ्या मुलीच्या ओटीत नारळ घातला. तिथून परतताना ती खूश होती, आणि मला आजही तिच्या त्या खुशीचा राग येतो.

त्यानंतरच्या हिवाळ्यात तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी बाबांना केबिनमध्ये बोलावून एकच विचारलं, तुम्ही राहता कुठे? ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. यांना त्या धुळीत परत नेऊ नका, म्हणाले. शेडमध्ये तेव्हा आमची थप्पी होती, पण दाबलं तर पाणी सुटेल इतकी ओली.

आईला मावशीकडे ठेवलं आणि बाबा बाजारात गेले. दुपारपर्यंत टेम्पोतून लोखंडी चौकटी आल्या, तयार, गंजू नये म्हणून लाल रंग मारलेल्या. गवंड्यानं त्या दोन दिवसांत उभ्या केल्या. भिंती चढल्या, स्लॅब पडला. दुकानातून फळ्यांची तयार दारं आणून बसवली. जे घर इतकी वर्षं गवतात पडून होतं ते आंब्याला मोहोर येऊन कैऱ्या धरेपर्यंत उभं राहिलं. कुणी काही बोललं नाही. वखारवाल्याच्या घराला लोखंड कसं, हे विचारायला एक माणूस आला नाही. लोकांना आपापली कामं होती.

आईला आणलं त्या दिवशी तिनं सगळ्या खोल्या हळूहळू हिंडून पाहिल्या. प्रत्येक दार लावून, उघडून पाहिलं. दारं नीट लागत होती. पुढे पावसाळ्यातही नीट लागली. हवाही डॉक्टर म्हणाले तशीच होती, स्वच्छ. फक्त छातीचं जे जायचं होतं ते गेलं होतं आणि ते हवेनं परत येणारं नव्हतं, हेही डॉक्टरांनीच सांगितलं. ती खिडकीपाशी खुर्ची टाकून बसायची, शेजारी ऑक्सिजनचं मशीन, आणि डोंगराकडे बघायची.

तिथे ती जेमतेम वर्षभर राहिली. तिनं कधी कुणाला बोल लावला नाही. एकदाच, बाबा तिला औषध देत होते आणि मी दारात उभी होते, तेव्हा तिनं चौकटीकडे बघत विचारलं, "या अशा तयार, तेव्हाही मिळत होत्या ना?"

भांडणाचा सूर नव्हता. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

बाबांनी चमचा बशीत ठेवला. "मिळत होत्या," ते म्हणाले.

तिला आणखी काही विचारायचं होतं असं वाटलं. पण तेवढ्यात धाप लागली, आणि मी मशीन वाढवलं.