चुंबक माहेरी गेलं

माझ्या बायकोच्या बाळंतपणाला खरा धोका एका मोडक्या लाउडस्पीकरचा होता, असं माझं ठाम मत होतं.

लातूर नवा नवा जिल्हा झाला होता. कचेरी आली, साहेब आले, पाणी तेवढं यायचं राहिलं. गल्लीतला आड तळाला गेलेला. दोर तुटून लोखंडी बादल्या आत पडायच्या. त्या काढायला माझ्याकडे लाउडस्पीकरचं बशीएवढं चुंबक होतं. (गल्लीत मला मान होता तो त्यामुळेच!)

सुशीलाला सातवा लागला आणि कचेरीतल्या एका शहाण्यानं सांगितलं, "जबर चुंबकापाशी गरोदर बाई नको. पोटात लेकरू फिरतं!"

झालं! चुंबक पोत्यात गुंडाळलं आणि एसटीनं थेट लोह्याला, सासुरवाडीत पोचवलं. वाटेत शेजारी एक पोटुशी बाई बसली, तसा मी पोत्यासह उठून उभा राहिलो. अख्ख्या गाडीला वाटलं, काय सज्जन माणूस!

घरी आल्यावर आई म्हणाली, "आरं, सुनंचं म्हायेर त्येच न्हाई का? आता तिला बाळंतपणाला कुठं धाडायचं?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं!

दुसऱ्याच दिवशी बादली आडात पडली. चुंबक लोह्यात! मग सुशीला लांबच्या हापशावरून पाणी आणू लागली. मीही सोबत जायचो. कुणाच्या ओट्यावर रेडिओ दिसला की (त्यातही चुंबक असतं!) तिला रस्ता ओलांडायला लावायचो.

चौथ्या दिवशी तिच्या पोटात दुखू लागलं. माझं धाबं दणाणलं. दवाखान्यात मी रडकुंडीला येऊन म्हणालो, "बाई, लाउडस्पीकरचं चुंबक घरातून काढायला मला उशीर झाला!"

डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं. "बाळ चांगलं आहे. लाउडस्पीकरच्या चुंबकानं काही होत नाही. मोठ्या यंत्रांपाशी काम असतं, तर गोष्ट वेगळी. पाणी कोण भरतं?"

"मीच की," सुशीला म्हणाली. "एक घागर डोक्यावर, एक कमरेवर."

"आणि हे?"

"हे लई काळजी घ्यायलेत. रेडिओ बघत म्होरं चालतात."

बाईंनी पेन उचललं. मग चिठ्ठीवर गोळ्यांखाली लिहिलं: 'घागरी, नवऱ्यानं, दिवसातून दोनदा.'

लेक सुखरूप झाली. गोळ्या पंधरा दिवसांत संपल्या. दुसरं औषध लेक शाळेत जाईपर्यंत चालू होतं. सुशीलानं चिठ्ठी बदलून आणलीच नाही!