दारावरचा सिंह आणि बांधावरची रुई

माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा मूर्खपणा मी पैसे देऊन रंगवून घेतला आणि दाराच्या चौकटीवर ठोकून गावाला दाखवला.

मुंबईत एका गोऱ्या साहेबाकडे मी कारकून होतो. त्याच्या पत्राच्या कागदावर ढाल छापलेली असे, ढालीत घराण्याची चिन्हं. ती रोज बघून मलाही घराणं आठवलं. महाडजवळ नाते गावात आमची भाताची खाचरं एवढी मोठी, की नांगर वळवताना बैल शेजाऱ्याच्या खाचरात शिरत. पण ढाल पाहिजे.

सुट्टीत महाडच्या बाजारात ट्रंका रंगवणाऱ्याला गाठलं. शौर्याची खूण म्हणून तलवार सांगितली. घरात कोयत्या-विळ्यापलीकडे पातं नव्हतं. सिंह सांगितला. रंगाऱ्यानं सिंह कधी पाहिलेला नव्हता, त्यानं ओळखीतल्या कुत्र्याला आयाळ लावली. राहिलं देवक, लग्नात मांडवाच्या खांबाला बांधतात ती कुळाची डहाळी. आमचं देवक रुई. बांधावरची, गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत ती. साहेबाच्या ढालीपुढे रुई? मी तिच्या जागी कळंब, म्हणजे कदंब, काढायला लावला. गोल फूल, कसं भारदस्त.

आठवड्यानं पोलादपूरकडचे पाहुणे धाकट्या बहिणीची सुपारी फोडायला आले. त्यांच्यातले एक म्हातारे ढाल बघून दारातच थबकले. त्यांचं देवक कळंब, आणि एका देवकाची घरं म्हणजे भाऊबंद. तिथे सोयरीक होत नाही. मध्यस्थानं रुई सांगितली होती, मग आम्हाला फसवलं कोणी, असं वडलांना विचारून त्यांनी गाडी वळवायला सांगितली. आतलं बांगड्यांचं वाजणं थांबलं.

वडील आत गेले. माझ्याच लग्नातली वाळकी रुई त्यांनी आढ्यावरून काढली आणि म्हाताऱ्यांच्या हातावर ठेवली.

"ही खरी हाय, तर मग वरचं कोनाचं?" म्हातारे म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघू लागले. "माझं," मी म्हणालो. "रुईची लाज वाटली."

"मग तुज्याच हातानं उतरव. आमी हितं उभं हाव."

मी शिडीवर चढलो. खिळे दणकून ठोकलेले, निघेनात. दाराआडून बहीण म्हणाली, "दादा, जपून रे. कुत्रा चावंल."

सुपारी फुटली. वैशाखात तिच्या लग्नाचं देवक आणायला वडलांनी मलाच माझ्या बायकोसकट धाडलं. वाजंत्र्यांसमोर, भर उन्हात, बांधावरच्या त्या रुईला हळदकुंकू वाहिलं आणि गुडघे टेकले. डहाळी मोडताना चीक हाताला लागला. दोन दिवस निघाला नाही.