सातव्या किल्ल्यातली राणी

ही गोष्ट मी इतकी वर्षं कुणालाही सांगितली नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही — आणि ज्या एका माणसाला सांगायलाच हवी होती, त्याला तर तीस वर्षं नाही. त्याला मागच्या रविवारी सांगितली. तेव्हापासून इतकं हलकं वाटतंय की आता तुम्हालाही सांगून टाकते. माझ्याबद्दल काय वाटायचं ते वाटू द्या.

गोष्ट एका व्हिडिओ गेमची आहे. हसलात? हसा. मीही स्वतःला हेच समजावत आले — पोरखेळच तो, त्यात काय एवढं?

आम्ही भद्रावतीला फॅक्टरीच्या कॉलनीत राहायचो. एका दिवाळीत बाबांनी टीव्हीला जोडायचा गेम आणला आणि आमच्या क्वार्टरची जत्रा झाली. कॅसेटवर चित्र एक आणि आत भलताच गेम, त्यामुळे त्याचं खरं नाव आम्हाला कधी कळलंच नाही. आम्ही त्याला 'सात किल्ले' म्हणायचो. हातात कंदील घेतलेला एक बुटका माणूस उड्या मारत एकेक किल्ला ओलांडायचा. मी बारा वर्षांची होते, आणि कॉलनीतल्या मुलांना हरवणारी मी एकटीच मुलगी, त्यामुळे नाक जरा वरच असायचं. एक दिवस मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की मी सातही किल्ले पार केले. का सांगितलं? आजही नीट सांगता येणार नाही. पण मी पार केले नव्हते.

मग शेवटी काय होतं, हे सगळ्यांनी विचारलंच. तेव्हा मी राणी तयार केली. सातव्या किल्ल्याचं दार उघडतं, राणी बाहेर येते, बुटक्याच्या गळ्यात हार घालते, वर फटाके फुटतात — अहो, काय रंगवून सांगितलं होतं मी! मुलं आ वासून ऐकत होती. गोष्ट इथेच थांबली असती, तर ती नुसती एक थाप राहिली असती.

पण मे महिन्यात रामदास आला. रामदास माझा चुलत भाऊ, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. काकांची चामोर्शीजवळच्या खेड्यात धानाची शेती. उन्हाळ्यात तो आमच्याकडे राहायला यायचा. त्याच्या बोलण्याला कॉलनीतली मुलं हसायची, आणि — आता लपवून काय करू — मीही हसायचे. दुपारी कूलर लावून घर झोपलं की तो एकटाच आवाज बंद करून खेळत बसायचा. अशाच एका दुपारी त्याने मला गदागदा हलवून उठवलं.

"ताई, संपला! म्या संपवला! राणी-गिणी काई नाई निंघत वं. टीव्ही काळा होते, दोन पांढऱ्या ओळी येतेत, अन् पुन्हा पयल्याच किल्ल्यावर नेऊन सोडते."

तो खरं बोलतोय हे मला त्याच क्षणी कळलं. थाप मारणारा माणूस इतकी फिकी थाप कशाला मारेल? संध्याकाळी त्याने तेच सगळ्या मुलांना सांगितलं आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा गप्प राहिले असते तरी चाललं असतं ना? पण मी म्हणाले, "हरलास तू. हरल्यावरही टीव्ही काळाच होतो."

केवढा हशा झाला. त्या दिवसापासून त्याचं नाव फेकाड्या पडलं. सायकलवरून जाता-येता मुलं 'फेकाड्या' म्हणून ओरडायची, आणि त्यात सगळ्यांत मोठा आवाज माझा असायचा. तो मला म्हणत राहिला — ताई, बस तू, तुझ्यासमोर पुन्हा संपवून दाखवतो. मी कॅसेट गाद्यांच्या पेटीत तळाशी लपवली आणि त्याला सांगितलं की तू इतकं खेळलास, ती बिघडली. पुढच्या उन्हाळ्यात तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

आता रामदास चाळिशीचा आहे, शेती करतो. त्याची एक सवय आहे: 'मी पाहिलं' असं तो कधी म्हणत नाही. 'मले वाटते,' म्हणतो, 'तुम्ही पाहून घ्या.' शेजाऱ्याने धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या हद्दीचा, दगड सरकवला तेव्हा मोजणीवाल्यांनी त्याला विचारलं, मूळ दगड कुठे होता? जागा त्याला पक्की ठाऊक होती. आदल्याच दिवशी त्याने बायकोला तिथे उभं राहून दाखवली होती. पण चार लोकांसमोर तो म्हणाला, "मले वाटते, इथी होता." वाटण्यावर कोण मोजणी करतं? धानाच्या बांधीचा तो तुकडा शेजाऱ्याकडे गेला. त्याच्या बायकोने हे मला चिडून सांगितलं आणि मी मान हलवत ऐकून घेतलं. ते माझ्यामुळेच झालं असं मी छातीठोक सांगू शकत नाही. माझा संबंध नाही, असंही सांगू शकत नाही.

गेल्या वर्षी त्याचा फोन आला. मी चंद्रपूरला शाळेत कम्प्युटर शिकवते. म्हणाला, "ताई, मले एक लहानसा, सस्ता कम्प्युटर पाहून देजो. टीव्हीले लागन असा. जुने गेम चालतेत म्हणे त्याच्यावर. मले ते सात किल्ले पाहाचे हायेत. मी तेव्हा खरंच पाहलं होतं, का माह्या मनाचंच होतं — तेवढं पाहाचं हाये."

तेवढंच पाहायचं होतं त्याला. त्याचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास उरला नव्हता!

इतक्या जुन्या गेमला खरं तर काहीच लागत नाही. बोर्ड म्हणतात तो तळहाताएवढा, सगळ्यांत स्वस्त कम्प्युटरसुद्धा तो मजेत चालवतो. अडॅप्टर आणि मेमरी कार्ड तेवढं बरं हवं. नाहीतर ऑफिसांनी काढून टाकलेला एखादा छोटा जुना पीसी. हे मी आठवीच्या वर्गाला फळ्याकडे न बघता शिकवते. पण रामदासला मी काय सांगितलं? की स्वस्तातले बोर्ड आपल्याकडच्या उन्हात तापून मध्येच बंद पडतात. मग सांगितलं की पंखा बसवलेला चालेल, पण तो तुला परवडायचा नाही. शेवटी सांगितलं की तो गेमच त्यावर चालत नाही. बारा वर्षांची असताना निदान अक्कल नव्हती म्हणता येईल. या वेळी तर मी माझं शिक्षणच खोटं बोलायला वापरलं. वर्षभर वेळ मारून नेली.

दिवाळीनंतर तो फोनवर म्हणाला, "तू म्हनते त नसंनच चालत. राहू दे ताई." आवाजात जराही राग नव्हता. मी दुसऱ्याच दिवशी बोर्ड आणला.

रविवारी सकाळच्या गाडीने तो आला, सोबत घरच्या तांदळाची पिशवी. तोवर मी सगळं जोडून, इंटरनेटवर चित्रांवरून गेम शोधून ठेवला होता. कंदीलवाला बुटका पडद्यावर आला तेव्हा रामदास लहान मुलासारखा मांडी घालून खाली बसला. बोटं आता जाड झालीत, सारखा मरायचा. जिथे मरशील तिथूनच पुन्हा सुरू करता येतं, हे मी त्याला दाखवलं. दुपारच्या जेवणापर्यंत तो सातव्या किल्ल्यात पोचला.

दार दिसलं आणि मला कळलं की आता नाही बोलले, तर मग टीव्हीच बोलेल, आणि त्याला कबुली म्हणत नाहीत. मी म्हणाले, "रामदास, राणी मी मनाने रचली होती. मी हा गेम कधीच संपवला नाही. तू खरं सांगतोयस हे मला तेव्हाच माहीत होतं. कॅसेटही बिघडली नव्हती, मी ती पेटीत लपवली होती. आणि गेल्या वर्षी कम्प्युटरबद्दलही खोटंच बोलले."

त्याने खेळ थांबवला. मग एवढंच म्हणाला, "मी त समजलो, माह्याच हातानं बिघडली. मोठ्या बाबाले तोंड दाखवाची लाज वाटे."

माझ्या बाबांना तोंड दाखवायची लाज, म्हणून तो यायचा थांबला होता. हे मला ठाऊकच नव्हतं. मी रडले. त्याने मला गप्प केलं नाही, आणि ते बरंच केलं. तो वळला, बुटक्याला दारातून आत नेलं. पडदा काळा झाला. दोन पांढऱ्या ओळी आल्या. मग पहिला किल्ला.

"हेच," रामदास म्हणाला. "हेच पाहलं होतं मी."

त्याने मला माफ केलं की नाही, मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही, ते त्याचं त्याच्यापाशी. बोर्ड पिशवीत घालून तो संध्याकाळच्या गाडीने गेला. दारात नेहमीसारखा 'येतो ताई' म्हणाला नाही. तरी गाडी सुटल्यावर मी स्टँडवरून घरी चालत आले, तेव्हा कित्येक वर्षांनी मोकळा श्वास घेतला. लाज गेली नाही, भीती मात्र गेली.

सोमवारी सकाळी चहा पिता पिता मी कॉलनीच्या जुन्या मित्रमंडळींच्या ग्रुपवर लिहिलं. कुणी मुलांचे फोटो टाकत होतं, कुणी शुभ सकाळ. त्यांच्यामध्येच माझ्या ओळी गेल्या: सात किल्ले रामदासने सर केले होते, तो फेकाड्या नव्हता, फेकाडी मी होते. मी पाचव्याच्या पुढे कधीच गेले नाही.